हॅरी डीन स्टँटनचं पोट कशावर चालायचं?

'शिकागो सन-टाइम्स'चा चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट याने एक नियम करून ठेवला होता. हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श, या दोघांपैकी एक जण जरी दुय्यम भूमिकेत असेल, तरी तो सिनेमा अगदीच टाकाऊ असू शकत नाही. पुढे नियम मोडणारे सिनेमे आलेच. १९८९ च्या 'ड्रीम अ लिटल ड्रीम'मध्ये स्टँटन असूनही सिनेमा वाईट निघाला आणि ईबर्टला अपवाद मान्य करावा लागला. नियम मात्र लोकांच्या तोंडी राहिला तो राहिलाच.

ही दोन्ही नावं ऐकून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुणी येत नाही. फोटो दाखवला की लगेच, "अरे, हा तर तो! 'एलियन'मध्ये मांजर शोधायला जातो तो!" हॉलिवूडमध्ये अशा नटांना कॅरेक्टर अ‍ॅक्टर म्हणतात, आपण चरित्र अभिनेता म्हणतो. यांच्याबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे: हे सगळे नायक व्हायला आले होते, जमलं नाही, म्हणून कडेला उभे राहिले. स्टँटनची साठ वर्षांची कारकीर्द जरा जवळून पाहिली तर हा समज टिकत नाही. हा धंदाच वेगळा आहे. त्यात काम मिळण्याची रीत वेगळी, पैशाचा हिशोब वेगळा आणि म्हातारपणाचा तर फारच वेगळा.

स्टँटनचा जन्म १४ जुलै १९२६ चा, केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्व्हाइन गावचा. वडील तंबाखूची शेती करायचे आणि लोकांचे केसही कापायचे. दुसऱ्या महायुद्धात हा नौदलात गेला, तोही आचारी म्हणून. रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजावर त्याची नेमणूक होती आणि ते जहाज ओकिनावाच्या लढाईत होतं. परत आल्यावर लेक्सिंग्टनच्या केंटकी विद्यापीठात नाव घातलं, तिथल्या रंगमंचावर 'पिग्मॅलियन'मध्ये काम केलं आणि मग शिक्षण सोडून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाउसमध्ये नाटक शिकायला गेला. टीव्हीवरचं पहिलं काम १९५४ चं. तोवर तो अठ्ठावीस वर्षांचा होत आला होता. बसलेले गाल, लांब मान, रात्रभर जागल्यासारखे डोळे. प्रेमकथेचा नायक म्हणून त्याला कुणी उभं केलं असतं असं वाटत नाही.

तो ज्या काळात आला तो काळ समजून घ्यावा लागतो. त्याच्या आधीच्या पिढीतला चरित्र अभिनेता म्हणजे स्टुडिओचा पगारी माणूस. करार, आठवड्याचा पगार, आणि आज शेरीफ तर उद्या दारुडा डॉक्टर, स्टुडिओ सांगेल ती भूमिका. वॉल्टर ब्रेनन हा त्या पिढीतला दादा. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर १९३६ च्या सिनेमांपासून सुरू झालं, ते पहिलं त्यालाच मिळालं आणि पुढच्या चार वर्षांत त्याने आणखी दोन घेतली. (त्या काळात सहाय्यक कलाकारांना ऑस्करची बाहुली देत नसत, नुसती एक पाटी द्यायचे. १९४३ च्या सिनेमांपासून त्यांच्याही हातात अख्खी बाहुली आली. पदरात पडलं तरी मापून, असा तो काळ.) मग १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि मोठ्या स्टुडिओंना आपल्या थिएटरांची मालकी सोडावी लागली. त्यात टीव्हीने प्रेक्षक पळवले. नटांचा एवढा ताफा बाराही महिने पोसणं स्टुडिओंना परवडेना. करार संपत गेले, नट मोकळे झाले. म्हणजे बेकारही झाले.

पण ज्या टीव्हीने ही नोकरी घालवली त्यानेच दुसरी दिली. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत संध्याकाळच्या मुख्य वेळेत पंचविसाच्या वर वेस्टर्न, म्हणजे काऊबॉय-शेरीफांच्या, मालिका चालू होत्या. त्यातली 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. सुरुवातीच्या वर्षांत एका हंगामात ३९ भाग असायचे. आता विचार करा. मार्शल मॅट डिलन तोच, डॉज सिटी तीच, दारूचा गुत्ताही तोच. दर आठवड्याला नवा लागायचा तो बदमाश. किंवा बदमाशाचा भाऊ, किंवा घोडा चोरल्याचा आळ आलेला कुणी भटक्या. दर आठवड्याला गावात परका माणूस यायचा, तासाभरात त्याच्यावर विश्वास बसायला हवा, आणि शेवटी तो मेला किंवा निघून गेला तरी मालिकेचं काही अडायला नको. स्टँटनचा चेहरा या कामासाठीच घडवल्यासारखा होता. 'गनस्मोक', 'रॉहाइड', 'बोनान्झा', सगळीकडे तो आहे. 'गनस्मोक'मध्ये तर वेगवेगळ्या नावांनी अनेकदा आलाय. मागच्या वर्षी गोळी खाऊन पडलेला माणूस यंदा दुसरं नाव लावून परत आला म्हणून कुणीही तक्रार केली नाही. नायकाला ही मुभा नसते.

त्या काळातल्या श्रेयनामावलीत त्याचं नाव 'डीन स्टँटन' असं दिसतं. हॅरी स्टँटन नावाचा दुसरा एक नट होता, घोटाळा नको म्हणून याने 'हॅरी' काढून टाकलं होतं. पुढे पूर्ण नाव परत घेतलं.

आता अशी कामं मिळतात कशी? नायकाच्या बाबतीत आधी माणूस ठरतो आणि मग त्याच्या भोवती पैसा, दिग्दर्शक, तारखा गोळा होतात. चरित्र अभिनेत्याच्या बाबतीत सगळं उलटं. पटकथा तयार, तारखा ठरलेल्या, आणि कास्टिंग डिरेक्टरच्या हातात वीस-पंचवीस छोट्या भूमिकांची यादी. १९७१ पासून लॉस एंजेलिसमध्ये या यादीला रीतसर रूप आलं. पटकथा वाचून प्रत्येक भूमिकेचं दोन-तीन ओळींत वर्णन करायचं आणि ते एजंटांकडे पाठवायचं. याला 'ब्रेकडाउन' म्हणतात. "पन्नाशीचा, दारूपायी नोकरी गेलेला ट्रक ड्रायव्हर, दोन प्रसंग." एवढंच. एजंट आपल्याकडचे फोटो पाठवतो. शेकडो फोटोंतून कास्टिंग डिरेक्टरला निवडायचा असतो तो माणूस, जो वेळेवर येईल, वाक्यं पाठ करून येईल, दोन टेकमध्ये काम संपवेल, नायकाशी भांडणार नाही आणि पडद्यावर आल्याबरोबर ट्रक ड्रायव्हर वाटेल. नवीन माणसाची परीक्षा घ्यायला वेळ नसतो. म्हणून ज्याने मागच्या वेळी काम चोख केलं त्यालाच पुन्हा फोन जातो. या धंद्यात भांडवल म्हणजे कास्टिंग डिरेक्टरच्या डोक्यात राहिलेला चेहरा.

याची दुसरी बाजूही आहे. ज्या चेहऱ्याने काम मिळतं तोच चेहरा अडकवतो. स्टँटन वर्षानुवर्षं चोर, फरारी, कैदी आणि माथेफिरू एवढंच करत राहिला, आणि त्याचा त्याला वीट आला होता. १९६७ च्या 'कूल हँड ल्यूक'मध्ये तो तुरुंगातल्या टोळीत आहे, गातोही. १९७४ च्या 'द गॉडफादर पार्ट टू'मध्ये तो चक्क एफबीआयचा माणूस आहे, फ्रँक पेंटँजेली या माफियातल्या साक्षीदारावर पहारा देणारा. पण भूमिका एवढीशी की पापणी लवली तर हुकेल.

अभिनयाच्या बाबतीत त्याचा काटा फिरला तो एका लहानशा वेस्टर्नमध्ये, १९६६ च्या 'राइड इन द व्हर्लविंड'मध्ये. पटकथा जॅक निकल्सनची. तेव्हा निकल्सनलाही कुणी ओळखत नव्हतं. दोघे दोस्त, काही काळ एकाच घरात राहिलेले, १९६२ मध्ये निकल्सनच्या लग्नात स्टँटन त्याच्या बाजूला उभा. स्टँटनला भूमिका होती 'ब्लाइंड डिक' नावाच्या डाकूची, एका डोळ्यावर पट्टी, डोक्यावर गोल हॅट. निकल्सनने सांगितलं, तू काहीही करू नकोस, अभिनय कपड्यांना करू दे. ही गोष्ट स्टँटन पुढे आयुष्यभर सांगत असे. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याच्या वाट्याला दोनच मिनिटं येतात त्याला त्या दोन मिनिटांत सगळं दाखवून टाकायचा मोह होतो. आवाज चढतो, हातवारे वाढतात, आणि प्रेक्षकाला दिसतो तो भूमिकेसाठी धडपडणारा नट. स्टँटनने ती धडपड बंद केली. समोरचा बोलतोय ते तो खरोखर ऐकतो. बस.

हे कसं चालतं ते बघायला १९७८ चा 'स्ट्रेट टाइम' घ्या. डस्टिन हॉफमन नायक, नुकताच तुरुंगातून सुटलेला मॅक्स. स्टँटन त्याचा जुना साथीदार जेरी, आता सुधारलेला. घर आहे, बायको आहे, अंगणात पोहण्याचा तलाव आहे, शेगडीवर मांस भाजणं चाललंय. हसतखेळत गप्पा चालू असतात. बायको उठून आत जाते, आणि जेरी मॅक्सला म्हणतो, मला इथून बाहेर काढ. आवाज चढत नाही, चेहरा बदलत नाही म्हणावं इतका थोडा बदलतो. मागे घडलेलं काहीही सिनेमाने सांगितलेलं नसतं, तरी त्या एका वाक्यात हा माणूस किती वर्षं गुदमरलाय ते कळून जातं. याच सिनेमात ईबर्टच्या नियमातला दुसरा भिडू एमेट वॉल्शही आहे, मॅक्सवर देखरेख ठेवणारा लाघवी आणि पाजी पॅरोल अधिकारी म्हणून. त्याचं काय होतं, म्हणजे हमरस्त्याच्या कुंपणाला तो कोणत्या अवस्थेत बांधला जातो, ते सांगत नाही, पाहाच. हा सिनेमा बघून दिग्दर्शक कोएन बंधूंनी 'ब्लड सिंपल'मधला खासगी गुप्तहेर वॉल्शला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला.

त्यानंतर १९७९ चा 'एलियन'. अंतराळातल्या एका मालवाहू जहाजावर सात माणसं. ब्रेट म्हणजे स्टँटन, आणि पार्कर म्हणजे याफेट कोटो, हे दोघे इंजिनवरचे कामगार. इतरांना वाट्याचे पूर्ण पैसे, यांना कमी. त्यामुळे पहिल्या जेवणापासून यांची बोनसची भुणभुण चालू. पार्कर बोलतो आणि ब्रेट प्रत्येक वेळी म्हणतो, "राइट." तू नेहमी राइट म्हणतोस, माहितीये का, असं त्याला कुणी टोकतं तेव्हाही त्याचं उत्तर तेच, "राइट." पटकथेत ब्रेटला भूतकाळ नाही, घरदार नाही. टोपी, भडक फुलाफुलांचा शर्ट आणि एक शब्द, एवढ्या सामग्रीवर स्टँटनने तो माणूस उभा केलाय. मग तो मांजर शोधत एका उंच, अंधाऱ्या दालनात जातो. वरून साखळ्या लोंबतायत, पाणी ठिबकतंय. तो थांबतो, टोपी काढतो, तोंड वर करतो आणि ते पाणी चेहऱ्यावर पडू देतो. दिवसभर राबलेला माणूस नळाखाली डोकं धरतो तसा. भयपटात मरायला निघालेलं पात्र असं काही करत नसतं, ते इकडेतिकडे घाबरून बघत असतं. त्या काही सेकंदांत ब्रेट आपल्या ओळखीचा होतो, आणि म्हणून पुढे जे होतं ते अंगावर येतं. दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या सगळ्या भीतीचा पाया तो टोपी काढणारा माणूस आहे, असं माझं मत आहे.

आता पैसा. इथे आपल्याकडच्या वाचकाला थोडं थांबावं लागेल, कारण मुंबईतल्या मालिकांमध्ये कलाकाराला दिवसाचे पैसे मिळतात, तेही बऱ्याचदा नव्वद दिवसांनी, आणि तिथे व्यवहार संपतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना १९३३ पासून आहे आणि तिने निर्मात्यांकडून दोन गोष्टी घेतल्या आहेत. पहिली, किमान दर. याला धंद्यात 'स्केल' म्हणतात. एजंटचं दहा टक्के कमिशन वरून मिळत असेल तर 'स्केल प्लस टेन'. २०२३ च्या संपाआधी हा दर एका दिवसाला १,०८२ डॉलर होता. नावाजलेला चरित्र अभिनेता याहून बराच जास्त घेतो, पण खाली कुणी उतरू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रेसिड्युअल. केलेलं काम पुन्हा दाखवलं गेलं की नटाला पुन्हा पैसे. आपण बांधलेल्या खोलीचं भाडं येत राहावं तसा प्रकार. हे सहज मिळालं नाही. सिनेमे टीव्हीला विकून स्टुडिओ कमवत होते आणि नटांना त्यातला छदामही मिळत नव्हता, म्हणून ७ मार्च १९६० ला गिल्डने संप पुकारला. तेव्हा गिल्डचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन, होय, तोच. एप्रिलमध्ये तडजोड झाली: १९६० पासून पुढच्या सिनेमांवर रेसिड्युअल मिळेल, आधीच्या सिनेमांवरचा हक्क नटांनी सोडायचा, आणि त्या बदल्यात निर्मात्यांनी साडेबावीस लाख डॉलर देऊन पेन्शन आणि आरोग्य विम्याचा निधी उभा करायचा. जुन्या नटांना हे फार झोंबलं. टीव्ही मालिकांचं गणित वेगळं होतं. तिथे पैसे ठरावीक पुनःप्रक्षेपणांपुरतेच मिळायचे आणि मग बंद. कितीही वेळा दाखवा, पैसे द्यावेच लागतील, हे १९७४ च्या करारात आलं. थोडक्यात, १९५० आणि १९६० च्या दशकांत स्टँटन ज्या वेस्टर्न मालिकांत मेला त्यांचा पैसा आटला, पण 'कूल हँड ल्यूक'पासून 'एलियन'पर्यंतच्या सिनेमांचा चालू राहिला.

यातलं मर्म असं, की सिनेमाचा रेसिड्युअल नटांमध्ये वाटला जातो तो प्रत्येकाचं मानधन आणि कामाचे दिवस बघून. चार दिवस काम केलेल्याचा वाटा फुटकळच असतो. पण नायकाचे वर्षाला एक-दोन सिनेमे असतात, याचे पाच-सहा. वीस वर्षांनी शंभरेक ठिकाणांहून फुटकळ चेक येऊ लागतात. कुठला तरी एक सिनेमा कुठल्या तरी चॅनेलवर रात्री लागतोच. म्हणून चरित्र अभिनेत्याला भूमिकेच्या लांबीपेक्षा भूमिकांची संख्या महत्त्वाची. 'एवढं छोटं काम कशाला घेतलंस' हा प्रश्न त्या धंद्यात कुणी विचारत नाही.

शिवाय विमा. अमेरिकेत आजारपण माणसाला रस्त्यावर आणतं, आणि गिल्डचा आरोग्य विमा मिळवायला वर्षाकाठी ठरावीक कमाई दाखवावी लागते. २०२३ मध्ये तो आकडा २६,४७० डॉलर होता. किमान दराने हिशोब केला तर साधारण पंचवीस दिवसांचं काम. फार वाटत नाही ना? तरी बहुसंख्य सदस्य त्या रेषेच्या खालीच असतात. वर्षाचे पंचवीस दिवस, वर्षामागून वर्षं, सलग मिळवत राहणारा चरित्र अभिनेता हा त्या धंद्यातला यशस्वी माणूस, मग त्याचं नाव कुणाला ठाऊक असो वा नसो.

स्टँटनकडे परत येऊ. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे इथल्या एका बारमध्ये त्याची नाटककार सॅम शेपर्डशी गाठ पडली. पिता पिता याने मन मोकळं केलं: त्याच त्या भूमिकांचा कंटाळा आलाय, काहीतरी सुंदर, हळवं करायचंय. शेपर्ड तेव्हा जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्ससाठी एक पटकथा लिहीत होता. थोड्या दिवसांनी फोन आला, नायक तू. सत्तावन्न वर्षांचा माणूस, जवळजवळ तीस वर्षं कॅमेऱ्यासमोर, आणि मुख्य भूमिका पहिल्यांदाच. सिनेमा 'पॅरिस, टेक्सास'. वाळवंटातून लाल टोपी घातलेला एक माणूस चालत येतो, रस्त्याकडेच्या दुकानात शिरतो, बर्फ तोंडात कोंबतो आणि कोसळतो. त्यानंतर जवळजवळ अर्धा तास तो एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या एखाद्या नटाने त्या मौनात बरंच काही भरलं असतं. स्टँटनला काहीच न करण्याचा अठरा वर्षांचा सराव होता.

शेवटाकडे त्याची हरवलेली बायको जेन, म्हणजे नस्तास्या किन्स्की, एका बंद खोलीत काचेपलीकडे बसलेली आहे. काच अशी की याला ती दिसते, तिला हा दिसत नाही, बोलणं फोनवरून. तो खुर्ची फिरवतो, तिच्याकडे पाठ करून बसतो आणि 'मला काही लोक माहीत होते' अशा सुरात आपलीच गोष्ट परक्याची म्हणून सांगू लागतो. कितीतरी मिनिटं नुसतं बोलणं. सगळी उमर दुसऱ्यांच्या गोष्टीत दोन मिनिटं येऊन गेलेला नट स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हाही पाठ करूनच बसला, हे मला कधीच साधं वाटलेलं नाही. मे १९८४ मध्ये कान महोत्सवात सिनेमाला 'पाम द'ऑर' हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

इथून पुढे काय व्हायला हवं होतं? नायकाच्या भूमिकांची रांग लागायला हवी होती. तसं झालं नाही, आणि त्याने त्यासाठी धंदा थांबवलाही नाही. त्याच वर्षी 'रेपो मॅन'मध्ये तो हप्ते थकलेल्या गाड्या उचलून आणणारा बड आहे, आणि 'रेड डॉन'मध्ये छावणीच्या तारेपलीकडून मुलांना सूड घ्यायला ओरडून सांगणारा बाप. १९८६ मध्ये 'प्रिटी इन पिंक'मध्ये मॉली रिंगवाल्डचा बेकार, हळवा बाप झाला आणि एक अख्खी नवी तरुण पिढी त्याला ओळखू लागली. ऑस्करचं नामांकन त्याला कधीच मिळालं नाही.

नायकासाठी वय म्हणजे उतार. चरित्र अभिनेत्याला सुरकुती पडली की नव्या भूमिका उघडतात. शिवाय दिग्दर्शक जुनी गिऱ्हाइकं असल्यासारखे परत येतात. डेव्हिड लिंचने त्याला पुन्हा पुन्हा घेतलं. त्यातला १९९९ चा 'द स्ट्रेट स्टोरी' हा माझ्या मते चरित्र अभिनेत्याच्या सगळ्यात धाडसी वापराचा नमुना आहे. आयोवातला म्हातारा अ‍ॅल्विन स्ट्रेट, रिचर्ड फार्न्सवर्थ, गवत कापायच्या यंत्रावर बसून शेकडो मैल प्रवास करतो, कारण विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या भावाला झटका आलाय आणि दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. सगळा सिनेमा भर त्या भावाबद्दल बोलणं आहे आणि भाऊ दिसत नाही. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तो वॉकरच्या आधाराने पडवीत येतो. तो स्टँटन. तो त्या यंत्राकडे बघतो, आणि एवढ्या लांबून तू यावरून मला भेटायला आलास का, अशा अर्थाचं एक वाक्य विचारतो. बस, एवढंच काम. तिथे नवखा नट असता तर दोन तासांचा प्रवास वाया गेला असता. लिंचने त्या दोन मिनिटांसाठी पंचेचाळीस वर्षांची कमाई विकत घेतली.

२००६ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, एचबीओच्या 'बिग लव्ह'मध्ये त्याला रोमन ग्रँट मिळाला, बहुपत्नीक पंथाचा गोडबोल्या आणि क्रूर धर्मगुरू. टीव्हीवरची त्याची सगळ्यात मोठी भूमिका ही. २०१७ मध्ये लिंचच्या 'ट्विन पीक्स' मालिकेच्या नव्या पर्वात तो आहे, आणि त्याच वर्षी 'लकी', वयाच्या नव्वदीत मुख्य भूमिका. तो लिहिलाच त्याच्यासाठी होता, आणि दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच (डेव्हिडशी नातं नाही) स्वतः चरित्र अभिनेताच, 'फार्गो'मधला शांत नवरा. एका प्रसंगात लकी आणि टॉम स्केरिट खाणावळीत युद्धाच्या आठवणी काढतात. 'एलियन'च्या जहाजावरचे हे दोघे. १५ सप्टेंबर २०१७ ला स्टँटन गेला, आणि 'लकी' अमेरिकेत त्याच महिन्याच्या २९ तारखेला लागला.

अशी कारकीर्द आज कुणाला करता येईल का, याबद्दल मी साशंक आहे. हंगामाचे ३९ भाग आधी २२ वर आले आणि आता ८-१० वर. दर आठवड्याचा परका माणूसच उरला नाही. स्ट्रीमिंगचा रेसिड्युअल किती लोकांनी पाहिलं यावर ठरत नव्हता, म्हणून गाजलेल्या मालिकेतल्या नटांनाही किरकोळ रकमेचे चेक यायचे. १४ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या संपाचं हे एक मोठं कारण होतं. संप ११८ दिवस चालला, आणि सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिका-सिनेमांवर थोडा बोनस मान्य झाला. गनस्मोकच्या काळासारखी रोजगार हमी मात्र त्यातून परत येत नाही.

फोन वाजायचं थांबलंय असंही नाही. 'नाइव्ह्ज आउट'मधल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यासाठी जादूगार-नट रिकी जे ठरला होता, पण नोव्हेंबर २०१८ मध्ये तो वारला आणि ऐन वेळी माणूस हवा झाला. तेव्हा फोन गेला तो त्र्याऐंशी वर्षांच्या एम. एमेट वॉल्शला. तो आला, जुन्या व्हिडिओ टेपच्या यंत्राशी झटापट केली आणि काम उरकून घरी गेला.